कोपऱ्यातली प्रिया

माझ्या धंद्यातली मोठी अडचण अशी, की आजार घरभर गाजतो आणि इलाज मात्र चहाला उकळी येण्याच्या आत संपतो. गिऱ्हाईक हिरमुसतं. ‘एवढंच होतं?’ असं विचारतं आणि माझ्याकडे असं बघतं, जणू छातीत कळ आली म्हणून धावत आलेल्या माणसाला मी तपासून ‘गॅस आहे’ म्हटलंय.

मी राणे टीचर. मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. शाळेतली पोरं यायची, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा. मग अशी पिढी आली की जिला माऊस शिकवायला कुणाची गरज नव्हती. क्लास बंद झाला. पण जुनी पोरं शिकून बाहेरदेशी गेली होती, त्यांचे आईबाप इथे होते आणि पोरांनी प्रेमाने पाठवलेले लॅपटॉप त्या आईबापांच्या ताब्यात होते. एकेकाचा फोन यायला लागला. ‘टीचर, जरा आमच्या घरी जाऊन बघता का?’ तेव्हापासून मी घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटरची दुखणी बघते. ओळखीतून कुणी बोलावलं तर बोरिवलीलाही जाते. सत्तरीचे काकासुद्धा मला टीचरच म्हणतात.

फोनवर तक्रार बहुतेक एकच असते: ‘व्हायरस आलाय.’

आलेला मात्र नसतो. होतं काय, ते सांगते. तुम्ही इंटरनेटवर एखाद्या साइटवर जाता. ती साइट वरच्या कोपऱ्यातून विचारते, ‘तुम्हाला सूचना पाठवू का?’ खाली दोन बटणं, ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. म्हणजे हो आणि नाही. वर्तमानपत्राची साइट विचारते तेव्हा त्यात काही गैर नसतं. पण काही लबाड साइट हा प्रश्न वेगळ्याच वेषात पुढे करतात. ‘व्हिडिओ बघायचा असेल तर अलाउ दाबा.’ ‘तुमचं वय सिद्ध करायला अलाउ दाबा.’ माणूस दाबतो. व्हिडिओ दिसत नाही ते नाहीच, पण त्या क्षणापासून त्या साइटला तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात वाटेल तेव्हा येऊन ओरडायचा परवाना मिळतो. साइट बंद केली तरी ओरडते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी ओरडते. तुम्हाला लॉटरी लागलीय, तुमच्या यंत्रात पाच व्हायरस शिरलेत, तुमची बँक बंद पडतेय. टुंग, टुंग, टुंग.

यावर इलाज काय? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जायचं, नोटिफिकेशन उघडायचं, कुणाकुणाला परवानगी दिलीय ते बघायचं आणि अनोळखी नावं काढून टाकायची. संपलं. औषध नाही, ऑपरेशन नाही.

आणि इथेच पंचाईत होते. कारण ‘परवानगी तुम्हीच दिलीत’ हे सांगावं लागतं. माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत एकाही माणसाने अलाउ दाबलेलं नाही. नातवाने दाबलेलं असतं, कामवाल्या बाईचा हात लागलेला असतो, एका आजोबांच्या घरी तर मांजराने दाबलं होतं. मी वाद घालत नाही. मांजराला थोडक्यात समज देते आणि पुढच्या घरी जाते.

घाटकोपरला एक गुजराती कापडाचे व्यापारी आहेत. त्यांना माझा इलाज पटलाच नाही. ‘मॅडम, येवढा मोठा प्रॉब्लेम, ने तुम्ही फक्त क्लिक क्लिक केला?’ म्हणाले. त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरलं. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच फुकट बघायला ते पुन्हा त्याच साइटवर गेले.

बोरिवलीच्या एका बाईंनी मला वेगळंच कोडं घातलं होतं. एकट्या राहणाऱ्या, हसतमुख बाई. मी नावं काढत होते, त्या शेजारी बसून बघत होत्या. एका नावापाशी म्हणाल्या, ‘हा राहू द्या.’

‘अहो, हाही त्यातलाच आहे.’

‘असेल. पण हा रोज सकाळी येतो. आजचा दिवस तुमचा आहे, म्हणतो. चांगलं बोलतो हो.’

मी तो काढला. माझं कामच होतं ते. पण लिफ्टमधून उतरताना मला काही फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं नाही.

या धंद्यात संसार वाचवण्याची पाळी माझ्यावर एकदाच आली. ती सावंतांच्या घरी.

सावंतांची सायली माझी विद्यार्थिनी. आता जर्मनीत असते. एका सकाळी तिचा फोन आला. तिकडे तेव्हा उजाडलंही नसणार.

‘टीचर, आई बाबांशी बोलत नाहीये.’

‘अगं, मग मी काय करू? मी कॉम्प्युटर बघते.’

‘कॉम्प्युटरमुळेच बोलत नाहीये.’

सावंतकाका महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणच्या बाजूचं. माणूस अतिशय सरळ. सोसायटीच्या जिन्यात बाई दिसली तर भिंतीला चिकटून उभे राहणारे. सायलीने त्यांना लॅपटॉप पाठवला होता. तो बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलेला असायचा, नवरा-बायको दोघंही वापरायचे. त्या लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात काही दिवसांपासून एक मुलगी यायला लागली होती. प्रिया. ‘प्रिया मुलुंडमध्ये आहे. तिला तुमच्याशी बोलायचं आहे.’ थोड्या वेळाने, ‘प्रिया वाट पाहतेय. उत्तर का देत नाही?’ सोबत फोटो. फोटोबद्दल सायली एवढंच म्हणाली, की त्या मुलीला थंडी वाजत नसावी.

आता मुलुंड हे त्या साइटला कसं कळलं? तर तुमचं इंटरनेट साधारण कुठून येतंय ते समोरच्याला कळतं. तेवढ्यावर ती गावाचं नाव घालते. दादरच्या माणसाकडे हीच प्रिया दादरला राहते. पण हे काकूंना कोण सांगणार? शिवाय त्यांच्या बी विंगमध्ये खरोखरच एक प्रिया राहत होती. बिचारी फिजिओथेरपिस्ट. काका गुडघ्याचे व्यायाम करायला आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जायचे.

काकूंनी आधी काकांचा गुडघा बंद केला. मग बोलणं बंद केलं.

‘बाबा रडले हो फोनवर,’ सायली म्हणाली. ‘म्हणाले, या वयात माझ्या चारित्र्यावर डाग. प्लीज, आजच जाल ना?’

मी हातातलं काम टाकून गेले. दार उघडंच होतं. आत शिरले आणि दाराशीच थबकले.

काका लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. टेबलावर मोबाइल, स्पीकर चालू. लॅपटॉपवरचा बाण आपोआप फिरत होता. काकांचे दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर बँकेचं पान उघडलेलं होतं.

‘या टीचर, बसा,’ काका हळू आवाजात म्हणाले. ‘कंपनीचे साहेब बोलतायत.’

झालं होतं असं. प्रियाच्या पाठोपाठ कोपऱ्यात दुसरी सूचना आली होती: तुमच्या यंत्रात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. काकांना त्यात सुटकेचा मार्ग दिसला. व्हायरस आहे असं कंपनीनेच सांगितलं, तर प्रियाचा दोष व्हायरसवर जाईल. त्यांनी फोन लावला. पलीकडे राहुल नावाचा इसम. त्याने काकांना एक ॲप घ्यायला लावलं. ते घेतलं की दूरवर बसलेल्या माणसाला तुमचा पडदा दिसतो आणि चालवताही येतो. मग व्हायरस बँकेपर्यंत पोचलाय का ते बघू, असं म्हणून त्याने बँकेचं पान उघडलं. आता फक्त पासवर्ड टाकायचा राहिला होता.

आणि पासवर्ड फक्त काकूंना पाठ होता. काकूंचं मौन चालू होतं.

त्यामुळे राहुल बराच वेळ झाला सावंतांचा संसार सांधायच्या खटपटीत होता.

‘आंटीजी,’ तो स्पीकरवरून कळवळून सांगत होता, ‘अंकल बहुत शरीफ आदमी हैं. ये लड़की-वड़की सब वायरस का काम है. अंकल की कोई गलती नहीं. आप गुस्सा थूक दीजिए और बस पासवर्ड बोल दीजिए.’

‘ऐकलंस?’ काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत त्यांच्या बाजूने बोलणारा हा पहिला माणूस. ‘परक्याक कळता, तुका कळना नाय.’

काकू खिडकीपाशी वाल सोलत बसल्या होत्या, पाठ करून. त्यांचे हात थांबले. त्या वळल्या. फोनकडे बघून त्यांनी विचारलं, ‘सच्ची बोलता है?’

‘माँ कसम, आंटीजी.’

काकूंनी मांडीवरची परात खाली ठेवली. चेहरा जरा निवळला होता. बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मी भिंतीवरच्या राउटरची वायर खेचली. राउटर म्हणजे घरात इंटरनेट आणणारी ती दिवे लुकलुकणारी डबी. दिवे विझले. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला.

‘अहो टीचर!’ काका उभे राहिले. ‘काय केलंत हे?’

‘हॅलो? अंकल? नेट गया क्या?’

मी मोबाइल उचलून कॉल तोडला. काका एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. ‘ती बोलणार होती! आत्ता बोलणार होती माझ्याशी!’

‘काका, तो चोर आहे.’

‘चोर असात! पण तो खरा बोलत होतो!’

ते म्हणत होते त्यात खोट काहीच नव्हती. त्या राहुलने सकाळपासून बोललेलं एकमेव खरं वाक्य काकांच्या चारित्र्याबद्दलचं होतं.

मी दोघांना समोर बसवलं आणि पासवर्ड सांगितला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. पेन्शन त्याच खात्यात येते. सायलीच्या लग्नानंतर उरलेलं, गावच्या घराच्या छपरासाठी ठेवलेलं, सगळं त्याच खात्यात. काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते खुर्चीत बसले. कपाळाला हात लावून म्हणाले, ‘वाट लागली असती.’

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. राहुलच होता. मी घ्यायच्या आधी काकूंनी घेतला, ‘हॅलो’ म्हणाल्या.

‘हाँ आंटीजी, तो पासवर्ड?’

‘ए मेल्या,’ काकू म्हणाल्या, ‘मेरे नवरे को शरीफ बोलनेवाला तू कोण? इतके साल मैं उसके साथ में है. वो शरीफ है, मेरेको मालूम नहीं क्या? कामावरून सीधा घर आनेवाला आदमी है वो. दुसरी बाई से बात करने को उसको जमेगा तरी क्या? तेरा सर्टिफिकेट नको मेरेको! फिर से फोन किया ना, तो तुला फोनमधून ओढून काढीन!’

फोन खाली ठेवून त्या वळल्या, तर काका त्यांच्याकडे बघत होते. काकूंच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय बोललो. त्यांनी पुन्हा परात उचलली आणि वाल जरा जास्तच जोरात सोलायला लागल्या.

‘मग इतके दिवस माझ्याशी बोलत का नव्हतीस?’ काकांनी विचारलं.

‘ती रोज रोज का येते मग?’ काकू म्हणाल्या. ‘कुणी बोलावल्याशिवाय येईल का?’

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर द्यायलाच मी आले होते. आधी मी ते ॲप काढलं. काकांच्या बँकेच्या कार्डामागचा नंबर लावून खातं जागच्या जागी असल्याची खात्री केली. काकूंकडून नवा पासवर्ड टाकून घेतला. तो टाकताना त्यांनी काकांनाही तोंड फिरवायला लावलं. मग राउटर लावला. प्रिया लगेच आली. टुंग.

‘बघा!’ काकू म्हणाल्या.

मी त्यांना शेजारी बसवून समजावलं. ‘काकू, ही मुलगी नाही. ही जाहिरात आहे. कुठल्यातरी साइटने अलाउ म्हणून बटण पुढे केलं आणि कुणीतरी ते दाबलं. विचारतात पण सरळ नाही. कधी व्हिडिओचं नाव सांगतात, कधी म्हणतात, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला हे दाबा…’

काकूंचा हात परातीतच राहिला.

‘रोबोट?’ त्या म्हणाल्या.

‘हो. यंत्रमानव.’

‘ते माहीत आहे मला.’ त्यांनी परात बाजूला सारली. ‘माझ्या मालिकेचा भाग चुकला होता. पाहुणे आले होते ना त्या दिवशी. मी शोधला तर एके ठिकाणी फुकट दाखवत होते. तिथे असंच लिहिलं होतं.’

खरं म्हणजे काकांचा क्षण होता तो. इतक्या दिवसांचं मौन, बंद पडलेला गुडघा, लेकीपुढे ढाळलेले अश्रू. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुठलाही नवरा असता तर त्याने निदान दिवाळीपर्यंत हा विषय पुरवला असता. काका उठले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि म्हणाले, ‘जाऊ दे. दाबलं असेल कुणीतरी.’

‘कुणीतरी काय?’ काकू भडकल्या. ‘मीच दाबलं! मी काय रोबोट आहे?’

माझ्या एवढ्या वर्षांत अलाउ दाबल्याचं कबूल करणारं हे पहिलं माणूस. मी मनातल्या मनात काकूंना नमस्कार केला.

प्रियाला काढायला मग कितीसा वेळ लागणार? तिच्यासोबत लॉटरी, पाच व्हायरस आणि वजन घटवणारा कुणी डॉक्टर, सगळे गेले. ‘सूचना पाठवू का’ असं यापुढे कुठल्याच साइटने विचारू नये, असं सेटिंगही मी करून टाकलं. बी विंगमधल्या खऱ्या प्रियाकडे काकूंनी त्याच संध्याकाळी डबाभर घावणे आणि नारळाचा गोड रस पाठवला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. ती पोर अजून मला भेटली की म्हणते, सावंतकाकू मनाने किती चांगल्या आहेत ना, उगाच घावणे देतात. काकांचा गुडघा पुन्हा सुरू झाला.

निघताना मी काकूंना बजावलं होतं, ‘यापुढे कुणी काही विचारलं की नाही म्हणायचं. ब्लॉक.’ गिऱ्हाइकांना मी हे नेहमी सांगते. सोपं असतं, लक्षात राहतं. काकूंनी मान डोलावली. मी सांगितलेलं कुणी इतकं मनावर घेईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

काही आठवड्यांनी सायलीचा पुन्हा फोन.

‘टीचर, आईला तुम्ही काय शिकवलंत? रविवारी व्हिडिओ कॉल केला तर मी त्यांना दिसते, मला ते दिसतही नाहीत आणि ऐकूही येत नाही. मी वेड्यासारखी एकटीच बडबडतेय. आई फोनवर म्हणते, आम्ही सगळं ब्लॉक केलंय.’

मी गेले. काकूंनी अभिमानाने सगळं सांगितलं. लॅपटॉपने कॅमेरा चालू करू का विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. आवाज ऐकू का विचारलं, नाही म्हटलं. ‘घरात डोकावायला मागत होता मेला. आणि आमचं बोलणं ऐकायला! मी बरी देईन!’

‘अहो काकू, ते सायलीसाठी विचारत होता.’

‘त्याने सायलीचं नाव कुठे घेतलं?’

नव्हतंच घेतलं. मी सेटिंग बदलायला लागले. काकू माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘टीचर, नाही कुणाला म्हणायचं ते कळलं. सगळ्यांना. पण हो कुणाला म्हणायचं, ते कसं ओळखायचं?’

एवढी वर्षं मी घरोघरी जातेय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं. ‘नाही’ शिकवायला चहाला उकळी येण्याएवढा वेळ पुरतो. ‘हो’चं तसं नाही. मी जमेल तसं सांगितलं, की आपण ज्याच्याशी बोलायला बसलोय, त्याच्याच कामासाठी विचारलं असेल तर हो. मुलीशी बोलायचंय, तर कॅमेरा लागणार. मालिका बघायचीय, तर तिला आपला होकार कशाला हवा? काकूंना ते पूर्ण पटलं असं नाही, पण त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

सायलीला कॉल लावला. पडद्यावर प्रश्न आला: कॅमेरा आणि आवाज, परवानगी द्यायची का? काकूंनी चष्मा पुसला. दोन्ही बटणं नीट वाचली. काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली. काकूंनी दाबलं.

‘आई! दिसलीस एकदाची! ऐकू येतंय का?’

काकू पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, ‘तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय?’

‘आई! वेड लागलंय का तुला?’

‘ती आपलीच,’ मागून काका म्हणाले. ‘ओरडली बघ.’

काकूंना पुरावा पटला. त्या मागे टेकून बसल्या.

‘जेवलीस का गं?’